नको म्हणायचा कार्यक्रम

माझा मुलगा राजवीर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणजे वडिलांना काही विचारायची गरज संपलेल्या वयात आहे. त्यामुळं डिसेंबरातल्या एका रविवारी मी दारात बसून डोक्याला तेल चोळत असताना तो समोर येऊन उभा राहिला आणि "पप्पा, एक विचारू काय?" म्हणाला, तेव्हा माझा हात चुकला आणि तेल कानात गेलं.

"विचार की," मी डोकं कलतं करून म्हणालो.

"थर्टी फस्टला आमचा ग्रुप राधानगरीला निघालाय. पृथ्वीराजच्या मामाचं शेतात घर हाय, तिथं. सगळी घेणार हायत."

"काय घेणार हायत?" हा प्रश्न मी निव्वळ सवड मिळावी म्हणून विचारला. थर्टी फस्टला शेतातल्या घरात पोरं शपथ घेणार नाहीत, एवढं मलाही कळतं.

"दारू, पप्पा."

"आणि तू?"

"मला नको वाटतीया. पण नको कसं म्हणायचं तेच कळंना झालंय. पृथ्वीच्या बड्डेला पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. त्याच्या आधी अँटिबायोटिक चालू हाय म्हणालो. आता नवीन आजार काढायला लागणार. तुम्ही तर कधीच घेत न्हाईसा. तुम्ही कसं नको म्हणतासा?"

आता इथं जरा थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी दारू पीत नाही ही आमच्या दोन्ही घराण्यांत अभिमानाची बाब आहे. कुरुंदवाडला माझी सासुरवाडी. तिथं माझ्या सासूबाई, आक्काताई, माझं नाव दुसऱ्या जावयांच्या तोंडावर फेकून मारतात. पण खरी अडचण अशी, की मी आयुष्यात कधी दारूला नको म्हटलेलं नाही, कारण मला कधी कुणी घे म्हटलेलंच नाही. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघतो. मार्चअखेर झाला की आमची मंडळी कुठंतरी बसायला जातात. जाताना "इंगवले काय येणार न्हाईत" असं आपसातच ठरवून टाकतात. एका वर्षी मी मुद्दाम हेल्मेट घालून जिन्यात उभा होतो. त्यांनी मला आपल्या कपाटांच्या किल्ल्या दिल्या आणि वॉचमनकडं ठेवायला सांगितल्या.

हे मुलाला कसं सांगणार? तेव्हा कचेरीत कुणी अवघड कागद पुढं केला की मी जे म्हणतो तेच म्हणालो. "बघतो. दोन दिवसांनी ये."

राजवीर मान हलवून आत गेला. तेव्हाच त्याच्या डोक्याला टपली मारून "नको म्हणायचं, संपलं" असं मी म्हटलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण प्रश्नाचा नीट अभ्यास करावा असं माझ्या मनात आलं, आणि मी कुंपणापाशी जाऊन शेजारच्या आकारामतात्यांना हाक मारली.

तात्या एसटीत कंडक्टर होते. आता निवृत्त आहेत, पण त्यांचा आवाज अजून सेवेत आहे. त्यांच्याशी खासगी बोलायचं असेल तर गाव सोडून जावं लागतं, आणि तरी ते ऐकू येईल.

"तात्या, पोरांचा एक विषय होता. दारूचा."

"राजवीर दारूला लागला?" तात्या गरजले.

"लागला न्हाय ओ. लागू नये म्हणून..."

"कवापास्नं लागलाय?"

समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. तिसरी उघडीच होती. तात्यांनी कुंपणावर हात टेकून सल्ला दिला, की पोराला पाठवूच नका, दाराला कुलूप घाला आणि किल्ली माझ्याकडं द्या. तात्यांचं म्हणणं ऐकून होतंय तोवर समोरच्या झुंबरबाई पदराआड एक पुडी घेऊन आल्या. त्यांच्या दिराची याच पुडीनं सुटली होती म्हणे. "च्यातनं द्या, त्याला कळू दिऊ नका," त्या माझ्या कानात, म्हणजे तेलातच, कुजबुजल्या. ती पुडी मी स्वयंपाकघरात ठेवली आणि विसरलो. संयोगितानं, म्हणजे माझ्या पत्नीनं, ती ओव्याची समजून आमटीत टाकली. त्या दिवशी आमच्या घरातलं प्रत्येक माणूस आमटीपासून कायमचं सुटलं.

संध्याकाळी अमरसिंह आला. अमरसिंह हा आमच्या कॉलनीच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. स्वतः पन्नाशीच्या पुढं आहे, पण मंडळ तरुण असल्यामुळं तोही तरुण. बियाणं-खतांचं दुकान चालवतो, गणपतीत नाटकात काम करतो आणि लग्नकार्यात पंगतीला आग्रह करायला त्याला पार शिरोळपर्यंतनं बोलावणं येतं. अमरसिंहानं "घ्या की पावणं" म्हटल्यावर ज्यानं ताटावर आडवा हात धरला, असा माणूस अजून जेवून उठलेला नाही.

"ह्यो एकट्या राजवीरचा विषय न्हाय," तो खुर्चीत बसता बसता म्हणाला. "ह्यो कॉलनीचा विषय हाय. कार्यक्रम घ्यायचा."

"कसला कार्यक्रम? मला वाटतं, चार पोरं बोलवू, सतरंजी टाकू, च्या करू..."

"मांडव माझ्याकडं लागला. स्पीकर हायच. तुम्ही प्रमुख."

"अहो, मी काय प्रमुख..."

"झालं! इंगवले साहेब हो म्हणाले!" असं त्यानं दारातनं ओरडून सांगितलं आणि बाहेर उभ्या असलेल्या चार जणांनी टाळ्या वाजवल्या. ते चौघं बरोबर कशाला आले होते ते मला तेव्हा कळलं.

कार्यक्रमाची कल्पना मात्र माझी होती आणि ती चांगली होती, हे मी आजही म्हणेन. भाषण नको. प्रात्यक्षिक करायचं. एकानं मित्र व्हायचं, ग्लास पुढं करायचा. दुसऱ्यानं पोरगं व्हायचं, नको म्हणायचं. पोरांनी ते बघायचं आणि घरी जाऊन सराव करायचा. मी तीन वाक्यं लिहून पाठसुद्धा केली होती. 'नको.' 'मला आवडत नाही.' 'विषय संपला.' संयोगिता म्हणाली, "तिसरं नुसतं म्हणून हुत न्हाय. ते म्हणायला तोंड लागतंय." मी दुर्लक्ष केलं.

स्पीकर म्हटल्यावर परवानगी काढणं आलं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथले हवालदार साहेब अतिशय सज्जन होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, हे मुद्दाम नोंदवतो, कारण माझ्या कचेरीत आम्ही लोकांना देत नाही.

"कार्यक्रम कशाचा?"

"दारूचा. म्हणजे दारूच्या विरोधात."

"मोर्चा?"

"न्हाय."

"दुकान बंद पाडणार?"

"न्हाय ओ साहेब. कॉलनीतली शंभरएक माणसं मैदानात बसणार, एवढंच."

त्यांनी पेन खाली ठेवला. "दारूचा विषय, आणि शंभर माणसं मैदानात बसणार?"

"बसणार म्हणजे सतरंजीवर."

"सतरंजीवरच बसत्यात की," ते म्हणाले.

मला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. त्यांना ते पटलं, आवडलंसुद्धा. त्यांचाही एक मुलगा कॉलेजात होता. पण अशा कार्यक्रमाला काय म्हणून लिहायचं ते त्यांना सुचेना. मिरवणूक नाही, सभा म्हटलं तर कुठल्या पक्षाची ते लिहावं लागणार, आणि धार्मिक म्हणायला तर मीच तयार नव्हतो. शेवटी त्यांनी मार्ग काढला. "वाढदिवस लिहितो. लगेच मिळतंय."

"कुणाचा?"

"तुमचाच की."

माझा वाढदिवस जूनमध्ये असतो. पण माणूस एवढ्या आपुलकीनं मार्ग काढतोय म्हटल्यावर मी गप्प बसलो.

तो परवानगीचा कागद अमरसिंहानं फ्लेक्स करणाऱ्या गुंडूकडं पाठवला, तारीख आणि ठिकाण बरोबर पडावं म्हणून. मजकूर मी वेगळा दिला होता. 'दारू नको! नको कसं म्हणायचं? तरुणांसाठी प्रात्यक्षिक.' साधा, स्वच्छ मजकूर. गुंडूनं दोन्ही कागद समोर ठेवले आणि त्याला जे कळलं ते केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला बाहेर पडलो तर चौकात मी उभा होतो. पंधरा फूट उंच. डोळ्यांवर काळा गॉगल, जो मी कधी घातला नाही, आणि गळ्यात जाड साखळी, जी मला कधी कुणी दिली नाही. वर 'जयसिंग इंगवले साहेबांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. एका बाजूला फेसाळलेले दोन ग्लास एकमेकांवर आपटत होते. खाली माझा मजकूर होता, पण मंडळाच्या शुभेच्छुकांचे गोल फोटो बसवताना दोन्ही 'नको' फोटोंच्या खाली गेले होते. उरलं ते असं होतं: 'दारू! कसं म्हणायचं? तरुणांसाठी प्रात्यक्षिक. सर्वांनी यावे.' आणि माझा मोबाइल नंबर.

मी तसाच, हातात रिकामी किटली घेऊन, गुंडूच्या दुकानात गेलो.

"गुंडू, अरे नको कुठं गेलं?"

"हाय की. आकाश भोसलेच्या फोटोच्या खाली हाय."

"मग फोटो सरकव!"

गुंडूनं माझ्याकडं दयेनं बघितलं. "साहेब, फोटो सरकवला तर माणूस नाराज हुतंय. 'नको' काय नाराज हुणार न्हाय."

फोन सुरू झाले. पहिला फोन घेतला तेव्हा मी कचेरीत होतो.

"पावणं, आपली वळख न्हाय. पर पयल्यांदा वाढदिवसाच्या शुभेच्छा."

"आभारी आहे. पण..."

"चकणा तुमच्यात हाय का आमचा आम्ही आणायचा?"

मी त्यांना सविस्तर खुलासा केला. ऐकून घेऊन ते म्हणाले, "बरं बरं, फोनवर असंच बोलावं लागतंय. आम्ही येतो." शिरोळहून एकानं ट्रॅक्टर लावायला जागा आहे का विचारलं. ट्रॉलीसकट. दिवसभरात एवढे फोन आले की शेजारच्या टेबलावरचे माझे सहकारी अतुल कांबळे माझ्याकडं खुर्ची वळवून बसले. आमच्या सहवासात त्यांनी माझ्याकडं वळवलेली ही पहिलीच खुर्ची.

शनिवारी संध्याकाळी मैदान भरलं. मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला एवढी गर्दी झाली नव्हती. पुढं सगळे चाळिशीच्या पुढचे गृहस्थ, चेहऱ्यावर उत्सुकता, दोघातिघांच्या खिशात शेंगदाण्याच्या पुड्या. ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता ती पोरं पार मागं, मोटारसायकलींवर कलंडलेली. त्यांत राजवीर होता, पृथ्वीराज होता आणि तो ग्रुपही होता. राजवीरनं टोपी डोळ्यांवर ओढून घेतली होती. पुढच्या रांगेत एकच तरुण माणूस होतं, झुंबरबाईंची नात सोनम. नर्सिंगला आहे. आजीनं तिला जागा धरायला बसवलं होतं.

टेबलावर संयोगितानं केलेलं कोकम सरबत काचेच्या जगमध्ये भरून ठेवलं होतं. मी चार शब्द बोललो. त्यातले दोन माइकनं खाल्ले. मग अमरसिंह ग्लास भरून मंचावर आला, आणि प्रात्यक्षिक सुरू झालं.

"घे रे जयसिंग," तो म्हणाला. ठरल्याप्रमाणे.

"नको," मी म्हणालो. तेही ठरल्याप्रमाणे. चांगलं ठणठणीत म्हणालो.

"घे की रं."

"मला आवडत नाही."

इथं त्यानं तिसऱ्यांदा विचारायचं होतं आणि मी विषय संपवायचा होता. पण अमरसिंह कसलेला माणूस. पंगतीतला असो नाहीतर नाटकातला, समोरचा माणूस नको म्हणाला की त्याच्यात काहीतरी जागं होतं. त्यानं माइक बाजूला सारला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जयसिंग," तो हळू आवाजात म्हणाला, आणि सगळं मैदान गप्प झालं. "तू आल्याबिगार आम्ही कवा सुरुवात केलीया का? सगळी तुझ्यासाठनं थांबल्यात. तू न्हाईस तर मग आम्ही कशाला बसायचं? उठतो आम्ही. चला रं, जयसिंगला नको वाटतंय, उठा."

हे वाक्य मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. तो नाटक करतोय हे मला माहीत होतं. ग्लासात कोकम आहे हेही माहीत होतं, कारण जग मीच उचलून आणला होता. पण खांद्यावरचा हात गरम होता.

"बरं, एवढा आग्रह आहे तर..." मी म्हणालो आणि ग्लास घेतला.

मैदानात शिट्ट्या झाल्या. अमरसिंहही क्षणभर गोंधळला, पण कलावंत माणूस, त्यानं लगेच दुसरा भरला. "आता माझ्या नावाचा." तो घेतला. "वहिनीच्या नावाचा." तिला वाईट वाटू नये म्हणून तोही घेतला. चौथा कुणाच्या नावाचा होता ते टाळ्यांत ऐकू आलं नाही. तेव्हा पुढच्या रांगेतनं सोनमचा आवाज आला.

"काका, तुम्ही न्हाय म्हणायचं हुतं!"

माझ्या ते लक्षात आलं. पण तोपर्यंत विषय खरोखरच संपला होता. तात्यांनी बसल्या जागेवरनं "पुढं सरका, पुढं सरका" असं ओरडून गर्दी पांगवली. पुढच्या रांगेतले गृहस्थ जगमधलं चाखून बघून आणि माझ्याकडं दुखावलेल्या नजरेनं बघून निघून गेले.

त्या प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ रात्रीत सगळीकडं गेला. मांडवातल्या पिवळ्या दिव्यांत कोकम काय सुंदर दिसत होतं! आवाज पोचत नव्हता, माणूस दिसत होता. चार ग्लास सलग रिचवून तोंड पुसणारा, वाढदिवसाचा माणूस.

सोमवारी सकाळच्या एसटीनं आक्काताई कुरुंदवाडहून आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी माझ्या अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला. मी दाढीनंतरचं लोशन लावलं होतं, हे दुर्दैव.

"कोकम हुतं, आई," संयोगिता म्हणाली. "मी माझ्या हातानं केलंतं."

"आसंल," आक्काताई म्हणाल्या. "जावाय म्हंत्यात म्हंजी कोकमच आसंल. पर मी थर्टी फस्टपातूर ऱ्हाते."

त्याच दिवशी दुपारी कचेरीत अतुल कांबळे माझ्या टेबलाशी आले. मागं आणखी दोघं. "इंगवले," कांबळे माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "एवढी वर्षं आम्हाला पत्ताच लागू दिला न्हाईसा! एकतीसला पन्हाळ्याच्या रस्त्याला बसायचं ठरलंय. तुम्ही पायजेच. तुम्ही न्हाय तर मजा न्हाय."

समोर तीन हसरे चेहरे होते. माझी तीन वाक्यं मला तोंडपाठ होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "आलो असतो हो. पण जरा अँटिबायोटिक चालू आहे."

संध्याकाळी मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसलो. कॉलनीत तोंड दाखवायला दुसरी जागा नव्हती. राजवीर तिथं आला. त्यानं मला शोधलं याचं मला आश्चर्य वाटलं. मग लक्षात आलं, की टाकीच्या मागची जागा मूळची त्याचीच असावी. तिथं त्याची चप्पल होती.

तो शेजारी बसला. मग म्हणाला, "पप्पा, शनवारी नेमकं काय झालं तुम्हाला?"

मी खुलासा तयार ठेवला होता. रंगमंचाचं दडपण, अमरसिंहाचं संहिता सोडून बोलणं वगैरे. पण तो चेष्टेनं विचारत नव्हता.

"प्यावंसं वाटलं असं काय न्हाय रे," मी म्हणालो. "त्यो एवढं म्हणत हुता. सगळी माझ्यासाठी थांबल्यात म्हणाला. मला वाटलं, आता न्हाय म्हटलं तर ह्यो परत कधी विचारायचा न्हाय."

राजवीर माझ्याकडं बघत राहिला. "अस्संच हुतंय," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, माझ्याच डोक्यात असलं काय काय येतंय."

"आणि आज कचेरीत बोलावलं मला. मी अँटिबायोटिक सांगितलं."

तो हसायला लागला. मग मीही. खालून आक्काताईंनी विचारलं, "कोण हसालंय वर? शुद्धीत हायसा न्हवं?"

तो राधानगरीला जाणार की नाही, यावर पुढचे दिवस घरात आणि कुंपणावर चर्चा झाली. तात्या कुलूपच घेऊन आले होते. संयोगिता म्हणाली, "तुम्ही ठरवा." ही तिची जुनी युक्ती आहे; म्हणजे चुकलं तर मीच चुकतो. मी राजवीरला विचारलं, "जावंसं वाटतंय?" तो म्हणाला, "माझी दोस्त हायत ती, पप्पा. सगळी एकत्र असताना मला घरात बसवत न्हाय." मी म्हणालो, जा. कसं नको म्हणायचं ते मी त्याला सांगितलं नाही, कारण आता माझ्याजवळ तेवढाही आत्मविश्वास उरला नव्हता. संयोगितानं भडंगाचा डबा भरून दिला. आक्काताईंनी स्वेटर दिला.

एकतीस तारखेला आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो होतो. टीव्हीवर काय चाललं होतं ते तिघांपैकी कुणालाही सांगता येणार नाही.

सकाळी राजवीरचा फोन आला, की रंकाळा स्टँडवर उतरलोय, न्यायला या. मी गेलो. स्टँडवर चार पोरं थंडीनं आखडून उभी होती. पृथ्वीराज बाकावर डोकं धरून बसला होता. त्याच्या अंगात आक्काताईंनी दिलेला स्वेटर होता. राजवीर नुसत्या शर्टावर, केसांना धुराचा वास. माझ्या गाडीवर मागं बसला आणि आम्ही निघालो.

मी काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पहिल्या चौकापर्यंत ते पाळलं.

"मग?"

"मग काय? नको म्हणालो."

"काय कारण सांगितलंस?"

"कायच न्हाय. मला नको वाटतंय म्हणालो. पृथ्वी लई वेळ लागला मागं. पप्पांसारखं घे म्हणाला. सगळी हसली."

मी गाडी जरा जास्तच काळजीपूर्वक चालवायला लागलो.

"मग तू काय केलंस?"

"मला वाटलं, आता आत जाऊन झोपावं. नको म्हटल्यावर उठून जायचं असतं असंच मला वाटायचं, म्हणून तर म्हणवत नव्हतं. पण मी उठलो न्हाय. तिथंच बसलो. शेकोटीत लाकडं घालत बसलो, भडंग खाल्ला. पाच-दहा मिनिटं वंगाळ गेली. मग त्यांचं ते दुसरं कायतरी बोलायला लागली. मीपण बोलायला लागलो." तो थांबला. "आमच्या ग्रुपातला आदर्श हळूच माझ्या शेजारी येऊन बसला. त्याचा ग्लास भरलेलाच हुता. मागच्या मागं झाडाला ओतला त्यानं. मला म्हणाला, कुणाला सांगू नको."

"आणि पृथ्वीराज?"

"त्यानं लई घेतली. ओकला. घाबरलाता. मला सोडून जाऊ नको म्हणत हुता. मीच धरून बसलोतो पहाटंपातूर."

आरशात बघितलं, तर त्याचे डोळे मिटायला लागले होते.

"पप्पा, गाडी हळू घ्या. झोप यायलीया," तो म्हणाला आणि त्यानं डोकं माझ्या पाठीला टेकलं. तो एवढासा होता तेव्हा असं टेकायचा. आता त्याची हनुवटी माझ्या खांद्याच्या वर येते, त्यामुळं त्याला बरंच वाकावं लागलं. मी त्याचा एक हात पुढं ओढून माझ्या पोटाशी घट्ट धरला आणि सायकलीच्या वेगानं चालवू लागलो. आमच्या घराकडं, कळंब्याला वळायचा रस्ता आला. मी वळलो नाही. तसाच सरळ पुढं जाऊन रंकाळा तळ्याला सावकाश एक फेरी मारली.

घरी पोचलो तर संयोगिता दारातच उभी होती. "एवढा वेळ कुठं लागला ओ?"

"गर्दी होती रस्त्यात," मी म्हणालो.

एक जानेवारीच्या सकाळी कोल्हापुरात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. तिनं माझ्याकडं बघितलं, पेंगणाऱ्या राजवीरकडं बघितलं, आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.